माईक चांगला आहे

तांपेरेतला नोव्हेंबरचा दिवस म्हणजे
कोणीतरी किलकिलं करून परत लोटलेलं दार.
साडेतीनला रस्त्यावरचे दिवे लागले
तेव्हा ती आली. टोपीवर बर्फ, काखेत जाहिरातीचं पान,
पानावर तीन कॅमकॉर्डरभोवती निळे गोल.

मी सवयीने सुरू झालो :
साठ पट झूम, हाताची थरथर गिळणारी लेन्स,
आणि माईक, बाई, माईक तर असा
की तळ्यापलीकडचा कुत्रा उशाशी भुंकतोय वाटेल.
ती माझ्या ओठांकडे बघत होती,
गिऱ्हाईक किमतीच्या चिठ्ठीकडे बघतं तशी.
मग वही काढून लिहिलं :
“हळू. आणि मिशी कापा, शब्द अडकतात.”

आउलिक्की सार्काला. जन्मापासून बहिरी.
बहीण वर उत्स्योकीला, तीही तशीच.
पत्रं का नाही लिहीत, मी विचारलं (तेही लिहूनच).
“आमचं बोलणं कागदावर बसत नाही,
मागून वितळतं.”
आधी टेपा जायच्या, पार्सलचा खर्च अंगावर यायचा.
आता म्हणे नखाएवढं कार्ड साध्या पाकिटात,
वर एक तिकीट.

पहिला कॅमेरा तिने दोन मिनिटांत बाद केला :
कमी उजेडात बोटं भरभर हलली
की पाचांचं पीठ होत होतं.
दुसऱ्याची चौकट अरुंद.
“कोपर बाहेर गेलं तर वाक्य लंगडं.”
तिसऱ्याचा पडदा उलटा फिरला, तिच्याकडे वळला.
तिने टोपी काढली, केस सारखे केले,
जणू समोर बहीणच दारात उभी.

कार्ड? चार जीबी पुरे, मी लिहिलं,
चांगला अर्धा तास मावतो.
ती हसली. त्या हसण्याला आवाज होता, जाडसर,
बाजूच्या टोस्टरवाल्या काउंटरवरून दोघं वळली.
“अर्धा तास तर तिला सुनेलाच लागतो.”
बत्तीस दिलं. वर्तुळातला दहाचा आकडा दाखवला,
मोठा आकडा, वेगवान कार्ड,
आणि कडेची बारीक पांढरी कडी :
ही खाली सरकवली की कोणाला काही पुसता येत नाही.

ती कडी तिने नखाने खाली केली. वर केली.
पुन्हा खाली.
मग बराच वेळ लिहीत राहिली.
“आईची एकच टेप होती. वेइयोने
तिच्यावर हॉकीचा सामना चढवला. पंच्याण्णव साली.
फिनलंड जिंकलं,
त्यामुळे मला भांडताही आलं नाही.”

यावर काय लिहायचं असतं?
मी पावती लिहिली.

जाण्याआधी तिने दुकानाच्या डेमो कार्डावर
अकरा सेकंद काहीतरी सांगून पाहिलं.
रात्री शटर अर्धं ओढून मी ते लावलं.
आवाजाची हिरवी पट्टी उड्या मारत होती :
लोकरीच्या बाहीची खसखस,
तळहातावर तळहात,
एक श्वास, मधेच तोडलेला,
जिभेचा टक्, मागे फ्रिजची घरघर.
मी खोटं बोललो नव्हतो. माईक खरंच चांगला होता.

काय म्हणाली ते कळायला एप्रिल उजाडला.
कानामागे यंत्र लावलेला एक पोरगा
बॅटऱ्या घ्यायला आला, त्याला दाखवलं.
त्याने दोनदा पाहिलं, ओठ दाबून.
“म्हणते, हा माणूस मिशी कापणार नाही.
पण कडीचं सांगितलं, ते बरं केलं.
आणि पुढे एक नाव आहे. आमच्यात नावाची खूण असते.
गालावर बोट, मग खाली.
कोणाचं, ते मला माहीत नाही.”

डेमो कार्ड दर महिन्याला पुसायचं असतं. नियम आहे.
या कार्डाची कडी खाली आहे.
मालकाला मी सांगितलंय, बिघडलंय.
मिशी अजून तशीच.