वाट नसलेलं पाणी

बाकूच्या समुद्रातून निवृत्तीचा व्हिडिओ कॉल.
मागं लोखंडी पायांचा फलाट,
त्याच्या टोकाला ज्योत, भर दुपारी.
"हे बी कोंडलेलंच पाणी, दादा.
नद्या आत येतात, बाहेर वाट नाही."

कोंडिबा भोई थर्माकोलच्या तराफ्यावर, फोन कानापासून लांब धरून.
आपल्या नाथसागराला निदान दारं तरी आहेत,
सत्तावीस.

"अन् गळालं तर?"
निवृत्ती हेल्मेट काढून डोकं खाजवतो.
"गळालं तर इथंच राहील."
मग हळूच,
"काठाला सील येतात, मेलेले.
रेडकासारखे डोळे."

"पगार?"
"वेळेवर."

गेल्या उन्हाळ्यात उपशाच्या इंजिनाशेजारी
डिझेलचा एक डबा लवंडला होता.
एकच डबा.
तवंग रंगीत होत होत पार बाभळींपर्यंत गेला,
अन् पैठणच्या बाजारात बाया
कटला नाकाशी नेऊन
परत टोपल्यात ठेवायच्या,
न बोलता, महिनाभर.

तिथं किती डबे असतील,
हे विचारायचं राहिलं. रेंज गेली.

कोंडिबा वल्हं आडवं ठेवतो,
ओंजळ भरतो.
पूर्वी नुसता प्यायचा.
आता आधी हुंगतो.