दोन चंद्र

इंगा सांगायला आली तेव्हा डुलुथचं बंदर गोठलेलं होतं.
चौदावा अंक निघणार नाही, म्हणाली.
छपाई महागली, वितरकानं हात वर केले,
आणि तुझ्यासारखी दुकानं तरी उरलीत किती?
आता दर मंगळवारी वेबवर एक पान,
मग सगळ्याचं मिळून एक जाड पुस्तक,
कपाटात स्वतःच्या कण्यावर उभं राहणारं.

मी मान हलवली. हिशोब मलाही येतो.
तेरा अंक मीच विकले, कधी नऊ प्रती, कधी चार.
दोन पिना, बत्तीस पानं, दीपगृहातली विधवा,
आणि शेवटच्या चौकटीत दार ठोठावणारं कुणीतरी.
दोन-दोन महिने ते दार
बंदच असायचं.

एक प्रत टॉइवोची. धक्क्यावरचा निवृत्त क्रेनवाला.
त्यानं एकदा पत्र धाडलं:
बाई, सहाव्या अंकात तळ्यावर दोन चंद्र आहेत.
सातव्यात ते छापून आलं, खाली इंगाचं उत्तर:
एक माझा, एक तुमचा.

त्याला कसं सांगावं, या घोरात मी,
तर शनिवारी हाच बूट आपटत आत आला,
फोन माझ्या नाकासमोर:
"तिसरं पान बघ. शिडीला एक पायरी कमी होती.
कळवलं. रात्रीत दुरुस्त केली तिनं."
जरा हिरमुसलाच होता.

पुस्तक जूनमध्ये आलं.
मी आधी पान एकशे अडुसष्ट काढलं.
दोन्ही चंद्र जागच्या जागी.
पत्रं मात्र घेतलेली नाहीत.