कानाचा हलका

मायनटच्या कोर्टात हीटर खोकतो.
बाहेर उणे एकोणतीस. पार्किंगमधल्या गाड्यांच्या नाकांतून
वायरी लोंबतायत, इंजिनं गोठू नयेत म्हणून.
मी फाईल उघडतो, बोट ठेवून वाचतो
एकेक ओळ, पाठ असली तरी.
पाठ असलेली यादीच माणसाला मारते,
हे ऑर्व्हिल स्टेन्सलंडनं शिकवलं,
माझा क्रू चीफ, गालात तंबाखू धरून :
"कॅप्टन, आठवू नका. वाचा."

कोडी प्वात्रा, वय एकोणीस,
माझ्या शेजारी, मामाच्या कोटात.
आरोप : धान्याच्या कोठाराला आग.
पहिल्या भेटीत एवढंच म्हणालो होतो,
रेडिओ बंद ठेव.
आईशीसुद्धा फोनवर अवाक्षर नको,
इथं भिंतीआधी तारेला कान असतात.
तो हसला नाही. नखं कुरतडत राहिला.

आणि मला वाटलं, यानंच केलंय.

खरं सांगतो. पोटातून वाटलं,
जसं ढगात शिरल्यावर वाटतं
की आपण अगदी सरळ चाललोय,
आणि हेलिकॉप्टर उजवीकडे कलंडत असतं, कलंडतच असतं.
कानाच्या आतलं थेंबभर पाणी
शपथेवर खोटं बोलतं.
कानाचा हलका वैमानिक फार जगत नाही.
तबकड्यांकडे बघायचं,
सगळं अंग नाही म्हणून ओरडत असताना
काट्याचं ऐकायचं.

मग मी काटे पाहिले :
टॉवरची नोंद, पेट्रोल पंपाची पावती,
बर्फातल्या बुटाचा नंबर, जो कोडीचा नव्हता.

साक्षीला व्हर्ना क्लाइन. सत्तरीची, भली बाई,
हातमोजे मांडीवर जोडीनं ठेवलेले.
"लाल जॅकेट. पावणेबाराला. रस्त्याच्या दिव्याखाली."
"दिवा कसला, मॅडम? पांढरा?"
"पिवळा. जुना."

तीन हजार तास उडालोय, निम्मे अंधारात.
अंधारात सगळ्यात आधी लाल मरतो.
त्या जुन्या पिवळ्या उजेडात तर तो उरतच नाही,
मातकट काहीतरी उरतं, वाळल्या रक्तासारखं.
पण वकील साक्ष देत नसतो.
त्यासाठी फार्गोहून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्यात,
मागच्या बाकावर, ओल्या बुटांत.
मी फक्त विचारतो,
"लाल तुम्हाला त्या रात्री दिसलं,
की दुसऱ्या दिवशी, पोलिसांच्या फोटोत?"

ती गप्प.
घाई करायची नाही. तिला पाडायचं नाहीये,
उतरवायचंय. धुरळ्यात उतरतात तसं,
शेवटचे दहा फूट, जमीन दिसत नसताना.
"आता सांगता नाही येत," ती म्हणते,
आणि एक हातमोजा उगाच उलटा करते.

ऑर्व्हिल दुसऱ्याच्या हेलिकॉप्टरमध्ये गेला.
चालवत होता ड्वेन बकाऊस, चोवीस वर्षांचा,
जरा उतावळा, जरा बडबड्या.
चौकशीत आम्ही तिघं अधिकारी.
वैमानिकाची चूक, दोन शब्द, एका दुपारी लिहिले.
मला पोटातून वाटलंच होतं.
तडा गेलेलं चाक सापडलं चार वर्षांनी,
दुसऱ्या कुणाच्या गिअरबॉक्समध्ये, तसंच, त्याच बनावटीचं.
कागद कुणी बदलला नाही.
ड्वेनची आई व्हेल्व्हाला राहते. मी गेलोय तिथवर,
गाडी सुरू ठेवून बसलोय, परत आलोय.
त्या कागदावर तिसरी सही माझी आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी ज्यूरी आत गेली.
कोडी खिडकीतून वायरी बघतोय.
"तुम्हाला काय वाटतं?" तो विचारतो,
"मी केलं असेल?"

मला काय वाटतं, ते विचारू नकोस, पोरा.
फाईल पुन्हा पहिल्या पानावर आणतो,
खुर्ची त्याच्याजवळ ओढतो,
बोट ठेवतो.