टेबल नंबर सतरा

वागळे इस्टेटमध्ये, बावीस नंबर रस्त्याच्या वळणावर,
जिथे आता काचेची बिल्डिंग आहे नि दारात एक उदास पाम,
तिथे आम्ही टॉर्चचे बल्ब करायचो.
आम्ही म्हणजे एकशे चाळीस बायका,
आणि एक कोटणीस, हातात घड्याळ धरून.

माझं काम चिमट्यानं तार उचलायचं.
तार अशी, की तिच्यापुढे पापणीचा केस जाड वाटावा.
श्वास धरायचा, दोन खांबांवर ती टेकवायची, श्वास सोडायचा.
दिवसाला नऊशे वेळा.
म्हणून एकोणऐंशीव्या वर्षीही सुईत दोरा मीच ओवते,
सून तोवर चष्मा शोधत असते.

ऋजुता, माझी नात, त्याच प्लॉटवर नोकरीला लागली.
पाचवा मजला, रात्रपाळी, कानाला यंत्र.
तिला काही ठाऊक नव्हतं.
तिच्या गळ्यातल्या कार्डावरचा पत्ता मी वाचला
आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

सकाळी साडेसहाला ती येते. घर झोपलेलं असतं.
ओट्याशी आम्ही दोघीच. ती फोडणीची पोळी खाते,
मी मेथी निवडते, आणि ती सांगत सुटते:
कोण ओरडलं, कोण रडलं,
कुठल्या देशातल्या म्हाताऱ्यानं नुसते किती वाजले ते विचारलं.
"किती फोन घ्यावे लागतात?"
"नव्वद. कमी झाले की बोर्डावर नाव."
"आमचंही यायचं," मी म्हणते, "खडूनं."
एवढंच म्हणते.
उपदेश मी जुन्या गुडघ्याबरोबर काढून टाकला डॉक्टरांकडे.

मग मी माझं सांगते. कोटणीसची कवळी
ट्रेमध्ये पडली, ते. चरईची नतालीन
दर शुक्रवारी मला बोंबलाचं लोणचं आणायची, ते.
दसऱ्याला आम्ही नापास बल्बांची माळ लावली
नि त्यातले निम्मे पेटले, ते तर तिला पाठ आहे.
एक गोष्ट मात्र मी दरवेळी ओलांडून जायची,
ओल्या फरशीवरून जावं तशी.

मार्चमध्ये त्यांच्याकडे घरच्यांना बोलवायचा दिवस होता.
गेटवर रजिस्टर. रकाना: कोणाला भेटायचे.
मी लिहिलं, टेबल नंबर सतरा.
वॉचमन म्हणाला, "आजी, असं कुणी नाही इथे."
ऋजुता धावत खाली आली, तिनं आपलं नाव घातलं.

वर सगळं गुळगुळीत. गार. काही म्हणता काही ओळखेना.
मग प्रसाधनगृहाच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसला.
त्याची पाठ तीच होती, डावीकडे जराशी बसलेली.
तिच्यावरून माप धरत मी चालत गेले,
कॉफीच्या मशीनपाशी थांबले.
इथे. फक्त पाच मजले खाली.

आणि तिथेच सांगितलं तिला.
की अठ्ठ्याहत्तर साली संप झाला,
आणि एकोणिसाव्या दिवशी मी मागच्या गेटनं आत गेले.
तुझ्या बापाला ताप होता, असं मी सगळ्यांना सांगितलं.
ताप नव्हता.
डब्यात पीठ होतं, आठ दिवसांचं तरी.
मला नुसती भीती वाटली, ग.
गेटशी नतालीन बसली होती. मला जाता यावं म्हणून
तिनं छत्री बाजूला घेतली. बोलली काहीच नाही.
पुढे सोळा वर्षं शेजारी बसलो आम्ही.
लोणचं परत आलं नाही.

ऋजुतानं माझा हात वगैरे धरला नाही.
"असू दे" म्हणाली नाही, बरं झालं.
थोड्या वेळानं विचारलं,
"मग त्या दिवशी किती तारा बसवल्यास?"
"एकही नाही. भट्टीच बंद होती.
आठ तास चिमटा धरून बसून राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला एक गोष्ट सांगितली,
जी तिनं अजून कुणाला सांगितलेली नाही.
ती मी इथे लिहिणार नाही.
चहा त्या दिवशी तिनं केला.
आलं फार पडलं होतं.