फुंकर

पोर्टालेसच्या विमानतळावर जुलैत
दुपारी दोनला पत्र्याचं हँगर बोलू लागतं,
टक, टक, एकेका खिळ्यानं.
एका उपड्या बादलीवर डेल्बर्ट किंटाना,
दुसरीवर मी.
आणि मध्ये, नाकावरचं झाकण काढलेलं
त्याचं नऊ वर्षांचं विमान,
अजून एकदाही न उडालेलं.

इंजिन भंगारातल्या मोटारीचं.
आत पिस्टन नाहीत.
शिंगाड्यासारखे दोन तिकोनी रोटर
कमरेत आवळलेल्या पोकळीत घुमतात
आणि त्यांच्या पोटातली आग
तेलच वाहून आणतं बाहेर.
इतर इंजिनांत तेल वंगण असतं,
इथे ते हमालही आहे.
त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं कुठे,
एवढाच आमचा वाद, मार्चपासून.

डेल्बर्ट म्हणतो, वारा.
हनुवटीखाली जाळीदार कूलर, समोर भोक, बस.
जे बसवलंच नाही ते गळत नाही.
चाळीस वर्षं त्यानं गावाचे एसी दुरुस्त केले,
गळतीच्याच पैशावर घर बांधलं,
आणि तिच्यावरच त्याचा राग.

मी म्हणतो, पाणी.
आधी मिरजेच्या डेअरीत, मग इथल्या चीजच्या कारखान्यात
हयात गेली माझी दूध निववण्यात.
पत्र्याआड पत्रा,
अलीकडून दूध, पलीकडून गार पाणी,
एकमेकांना न शिवता ऊब देतात, घेतात.
आई परातीत पाणी घालून
त्यात पातेलं ठेवायची, तेच हे.
वीतभर ठोकळा. मी तो घेऊनही आलो होतो.

‘आणि ते पाणी कशानं निवणार?’
डेल्बर्ट विचारतो,
आणि हसू टोपीखाली लपवतो.

खरं आहे.
परात तापली की तीही दारातच न्यायची.

एकदा मित्राच्या विमानात
पाण्याचा पाइप फुटला होता,
दोघं भुईमुगाच्या शेतात उतरले.
मी त्याला सांगितलं, दुधानं तोंड पोळलं की माणूस
ताकही फुंकून पितो.
‘ताक म्हणजे?’
ते समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

पहिल्यांदा धावपट्टीपर्यंत नेलं तेव्हा
काटा दोनशे तीसवर.
एवढ्या तापात रोटरची रबरी कडी
कडक होऊन मोडतात.
दोन दिवस आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी त्याची सून ल्युरीन आली,
विणकामाची लाल लोकर घेऊन.
बोटभर तुकडे कूलरच्या तोंडावर चिकटवले,
पाचोळा उडवायचा पंखा भोकाशी धरला.
मधल्या लोकरी जाळीत शिरल्या,
कडेच्या उलट फिरून आमच्याकडेच बघायला लागल्या.
‘आत यायला वाट ठेवलीत,’ ती म्हणाली,
‘जायला कुठे आहे?’

मी तीस वर्षांपूर्वी इथे आलो.
प्रश्न विमानाबद्दल होता, मला माहीत आहे.

मागची फट वाढवली. पुढची कशी करावी
हे बोलता बोलता मी चहा बशीत ओतला.
डेल्बर्ट बघत राहिला.
अरुंद कप, रुंद बशी,
पसरलं की पळणं थांबतं, थांबलं की निवतं.
त्यानं पेन्सिल उचलली
आणि हवेच्या नळीला
आत जाता जाता पोट काढलं.

म्हणजे वारा जिंकला.
माझा ठोकळा फळीवर आहे, कागदात गुंडाळून,
स्थळाकडून परत आलेल्या फोटोसारखा.
डेल्बर्टनं तो अजून परत न्यायला सांगितलेलं नाही.

आज पहाटे पुन्हा धावपट्टी. मी पंखाशेजारून चालतोय.
एकशे ऐंशी, तो बोटांनी दाखवतो.
एकशे नव्वद. दोनशे.
मग बोटं थांबतात.
काचेतून मला त्याचं तोंड दिसतं,
ओठांचा चंबू झालेला.
काट्यावर तो हळूच
फुंकर घालतोय.