भोंगा

मे महिना. रामदासपेठेत दुसऱ्या मजल्यावर
कूलरच्या ताट्या वाळत आल्यात,
पंप नुसताच घरघरतोय.
रत्नमाला मेश्राम, हेड कॅशियर, वय पन्नास,
समोर बसून हसतेय.

सहा आठवडे झाले.
नवरा बोलत नाही, हे सांगताना हसली.
रात्री तीनला जाग येते, हे सांगतानाही.
"थोडं टेन्शन आहे, मॅडम, बाकी छान,"
काउंटरवरचं, नोटांसारखं
दोनदा मोजून दिलेलं मराठी.

आज मी मध्येच थांबवलं.
म्हटलं, आत्ता हसलात ना,
त्याच्या अगदी आधी गळ्याशी काहीतरी आलं होतं.
जाता येईल परत, तिथवर?

तिचा हात गळ्याशी गेला,
तुटलेली पोत चाचपावी तसा.

मग गांधीसागर आला खोलीत.
मिल बंद होऊन दोन महिने झालेले
आणि बाप रोज सातला निघतोय ड्युटीवर.
एक दिवस डबा घरीच राहिला.
अकरा वर्षांची ती फाटकापर्यंत पळाली: कुलूप.
परतताना तलावाच्या कठड्यावर
ओळखीचा सदरा, ओळखीची पाठ.

त्यानं डबा उघडला. भाकर, वांग्याची भाजी.
म्हणाला, "आईले सांगू नको."
आणि त्याचा चेहरा असा काही झाला
की तिनं ओंजळ तोंडाशी धरून
मिलचा भोंगा वाजवून दाखवला.
भोंऽऽऽ.
तो हसला.
मग रोज वाजवला, दिवाळीपर्यंत.

हे सांगतानाही ती हसणारच होती,
तेवढ्यात मी भिंतीजवळची खुर्ची ओढली.
निळी, प्लास्टिकची, एक पाय आखूड.
ते इथे बसलेत, म्हटलं. सांगा त्यांना.

पुस्तकात हे सोपं असतं.
इथे खाली ठेल्यावर कुणी तर्री जास्त मागतंय
आणि पन्नाशीची बाई रिकाम्या प्लास्टिककडे बघत
पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय.

"बाबा."
कूलरचा पंप थांबला, की मलाच तसं वाटलं.
"बाबा, मले भेव लागे.
तुमाले वाटे, पोरगी खेळून रायली.
तुमी त्या पाण्याकडं पाहत होते, बाबा.
मी चूप बसली असती तं?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला नाही.
पाण्यासोबत रडू गिळलं जातं, हे मी
फार लोकांना पाणी पाजून शिकलेय.

रडू आलंही नाही. आला राग.
"अकरा वर्साच्या पोरीवर असं टाकते का कोणी?
आईले सांगू नको म्हणे!
चाळीस वर्सं नाई सांगितलं. आई गेली, तरी नाई."

मग तिला त्या खुर्चीत बसवलं, बापाच्या जागी.
बराच वेळ ती गुडघे धरून होती.
आवाज आला तो खालून, खर्जातला:
"मी तं मासोळ्या पाहत होतो, बेटा."
थांबली.
"नाई. खोटं हाये."
आणखी थांबली.
"तुले समजलं होतं, हे मले माहीत नोतं."

आता रडू.
त्याच्यावर हसू नव्हतं, झाकण उडालेलं.
मी फक्त तिथे होते,
माझेही हात गार, एवढ्या उन्हात.

पावती घेतली तिनं. तारीख तपासली.
डोक्याला दुपट्टा बांधला, डोळ्यांपुरती फट ठेवून,
दाराशी वळली.
"त्या खुर्चीचा पाय हालते, मॅडम,
कागदाची घडी लावा खाली."