साखळी येईपर्यंत

भरमामामा जनरेटरची दोरी ओढतो
आणि मग काहीच करत नाही.
मी प्लग हातात धरून बांधावर उभी.
चार बॅटऱ्या रिकाम्या, ड्रोन पाय पसरून बसलेला,
बसलिंगप्पांचा ऊस डोक्याच्या वर गेलेला,
अकराच्या आत औषध मारून झालं नाही
तर राकसकोपकडनं वारं सुटतं.
"मामा, लावू?"
"थांब की गं. अजून किणयेसुद्धा आलं नाही."

पूर्वी तो बेळगाव-साखळी गाडीवर क्लीनर होता.
इंजिन पेटलं की तोंडातल्या तोंडात
थांबे म्हणत जातो:
पिरनवाडी. किणये. जांबोटी.
कणकुंबीला जरा खोकला येतो,
जनरेटरला, मामाला नव्हे.
चोर्ल्याच्या वळणावर आवाज सूर धरतो,
मीटरवर दोनशे साठ दिसत होते
ते उतरत उतरत दोनशे तीसवर येऊन बसतात,
हलत नाहीत.
"आली साखळी. लाव आता."

मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणजे, पुस्तकात होतं. इंग्रजीत, बारीक अक्षरात.
दिवाळीआधी कडोलीत पेट्रोल संपलं,
इंजिननं जाता जाता तीन आचके दिले
आणि चार्जरनं एकच.
सव्वीस हजार रुपयांचा वास
चिंध्या जाळल्यासारखा येतो.
बचत गटाच्या बैठकीत बायकांनी विचारलं,
नुसतं पेट्रोल संपल्यानं?
हो. नुसतं.

तेव्हापासून मामा टाकीत काठी बुडवून बघतो,
धुराचं तोंड वाऱ्याच्या अंगाला फिरवतो,
सळई ठोकलेल्या जागी तांब्याभर पाणी ओततो
देवाला ओततात तसं,
पण हात जोडत नाही.

परवा नंदगडला मामा नव्हता, जनरेटर नव्हता,
फक्त बसवण्णीची पिकअप.
लाइटरचं भोक दाखवून तो म्हणाला,
अक्का, इल्ले हाकि.
म्हटलं, ह्या भोकावर बिडी पेटते, माझं पोट नाही भरत.
बॉनेट उघडलं. हातभर लांबीची जाड वायर,
बॅटरीच्या अगदी उशाशी फ्यूज.
लाल चिमट्यावर मी 'धन' लिहिलंय,
त्यानं खाली खडूनं त्याच्या अक्षरात 'केंपु'.
तरी मी दोनदा बघते.

अर्ध्या तासानं गाडीची बॅटरी दमली असं वाटून
तो बिनधास्त किल्ली फिरवायला गेला,
चार्जर अजून लटकलेला.
मी ओरडले.
कुठल्या भाषेत, आठवत नाही.
हात थांबला.
चिमटे काढले, मग स्टार्टर मारला,
मग पुन्हा सगळं पहिल्यापासून: आधी लाल, मग काळा.
इंजिनचा आवाज ऐकत उभी होते
तर ओठ माझेच हलत होते. पिरनवाडी. किणये.

संध्याकाळी मामाला सांगितलं. हसला नाही.
शेवटची बॅटरी भरली, मी प्लग उपसला,
तरी त्यानं बटण दाबलं नाही.
ओझं उतरलेलं इंजिन हलकं फिरत राहिलं,
मामा उलटा निघाला:
चोर्ला. कणकुंबी. जांबोटी.

किणयेला त्यानं बंद केलं.
बेळगावपर्यंत तो कधीच जात नाही.
किणयेत त्याचं घर आहे.